सोबत कोण आहे?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

श्रीलंकेतले आवडते अनुभव सांग, असं म्हणून मला इथे उभं केलंय. २०२३ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत नऊ आठवडे मी त्या देशात एकटी हिंडले. जायचं ठरल्यापासून घरचे, शेजारी, बँकेतले सहकारी सगळे एकच विचारत होते : सोबत कोण आहे? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न : तिथे काम काय काढलंस? बाळंतपणाला, आजाऱ्याला बघायला किंवा देवाला निघालेली बाई लोकांना चालते. नुसता देश बघायला निघालेली चालत नाही. म्हणून आज समुद्र आणि नारळाच्या झाडांबद्दल मी थोडंच बोलणार आहे. बोलणार आहे ते या 'सोबत'बद्दल.

तिथे सिंहली माणसं भेटली की 'कोहेद यन्ने?' असं विचारतात, म्हणजे 'कुठे निघालात?' मला हे फार आवडलं. पण लगेच पुढचा प्रश्न यायचा, 'तनियमद?' म्हणजे 'एकट्याच?' तेव्हा फार हुरळून जायचं कारण नव्हतं! बसमधली गर्दी आणि त्या गर्दीतले हातही आपल्या ओळखीचेच. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं तिथे केलेली पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ९० टक्के बायका-मुलींनी बसमध्ये किंवा रेल्वेत लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. ज्या देशात १९३१ साली बायकांना मताचा हक्क मिळाला, जिथे १९६० साली सिरिमावो बंदरनायके जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, तिथली ही गोष्ट आहे.

आता पहिला अनुभव. कँडीहून डोंगरातल्या हॅटनला जाणारी रेल्वे. शेजारच्या बाईनं डब्यातला भात माझ्यापुढे केला आणि चक्क हिंदीत म्हणाली, "खाओ ना." मी चकित. ती म्हणाली, कुवेतमध्ये अकरा वर्षं घरकाम केलं. भारतातल्या, नेपाळमधल्या, बांगलादेशातल्या बायकांशी बोलता बोलता हिंदी आली. ती पहिल्यांदा गेली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पुढे २०१३ साली सरकारनं नियम केला : पाच वर्षांखालचं मूल असेल तर आईनं परदेशी घरकामाला जायचं नाही, आणि इतर बायकांनी आधी घरच्या परिस्थितीचा अहवाल आणायचा. २०२२ मध्ये मुलाच्या वयाची अट दोन वर्षांवर आणली. बापाला मात्र असा अहवाल कधीच लागला नाही. तिनं मला विचारलं, "तुला यायला कुणाची सही लागली?" मी म्हटलं, कुणाचीच नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाई एकटी अकरा वर्षं परदेशी राबते, पैसे घरी पाठवते, तेव्हा तिच्या सोबतीची चौकशी कुणी करत नाही. तिच्या कागदांची करतात.

दुसरा अनुभव श्रीपाद डोंगराचा. उंची २२४३ मीटर. माथ्यावर पावलासारखी खूण आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचं पाऊल, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान-ख्रिश्चन म्हणतात आदमचं. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत लोक रात्री चढतात आणि माथ्यावर सूर्योदय बघतात. रात्री एक वाजता मी निघाले. हजारो पायऱ्या. पांढऱ्या कपड्यांतल्या आज्या नातींचा हात धरून चढत होत्या. दमलं की पायरीवर बसायचं, पुन्हा उठायचं. वाटेत एका जागी भाविक सुईदोरा वाहतात. बुद्धानं तिथे आपलं फाटलेलं वस्त्र शिवलं, असं मानतात. माथ्यावर घंटा आहे. जितक्या वेळा चढलात तितक्या वेळा ती वाजवायची. एका आजीनं सात टोल दिले. मी एक दिला.

त्या रात्री मला एकदाही भीती वाटली नाही. खाली आल्यावर मी कारण शोधलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिवे होते. थोड्या थोड्या अंतरावर चहाची दुकानं उघडी होती. थांबायला धर्मशाळा होत्या. आणि सगळीकडे बायका होत्या. हे सगळं देवाच्या वाटेवर जमतं, तर कारखान्याच्या आणि शाळेच्या वाटेवर का जमत नाही? बाईला सोबत देऊ नका, रस्त्यावर दिवा द्या, असं मी तेव्हापासून म्हणायला लागले आहे.

तिसरा अनुभव हॅटनजवळच्या चहाच्या मळ्यातला. पानं खुडणारी एक तमिळ बाई मला आपल्या खोलीवर घेऊन गेली. इंग्रजांच्या काळातली चाळ, एक खोली, पुढे पडवी. तिचे पूर्वज तामिळनाडूतून मजूर म्हणून आलेले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं या डोंगरी तमिळांपैकी बहुतेकांना देशच उरला नाही. उरलेल्यांचा प्रश्न मिटायला २००३ चा कायदा यावा लागला. दिवसाला हजार रुपये रोज मिळावा म्हणून त्या वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा कुठे २०२१ मध्ये तो जाहीर झाला. तोही ठरलेले किलो भरले तर. तिची मुलगी इंग्रजीत सांगत होती, मी ऐकत होते. 'एकटी का?' हे त्या बाईनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "रजा किती दिवसांची? पगार कापतात का?" नऊ आठवड्यांत मला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न.

चौथ्या अनुभवाला आवडता म्हणवत नाही, पण तो वगळून मी परत आले असं होणार नाही. उत्तरेत किलिनोच्चीला, कंदस्वामी कोविलसमोर रस्त्याच्या कडेला, बेपत्ता झालेल्यांच्या आया २० फेब्रुवारी २०१७ पासून धरणं धरून बसल्या. युद्ध मे २००९ मध्ये संपलं. आपली जी मुलं आपण सैन्याच्या हवाली केली ती कुठे आहेत, एवढंच त्या विचारत होत्या. बेपत्ता व्यक्तींसाठीचं सरकारी कार्यालय २०१८ मध्ये सुरू झालं, पण उत्तर आलं नाही. वाट बघता बघता त्यांच्यातल्या कितीतरी जणी वारल्या. मी गेले तेव्हा एका म्हातारीनं सरकून चटईवर जागा केली. भाषा एक नाही. तिनं फोटो माझ्या हातात दिला, मी तो धरून दुपारभर बसले. घराबाहेर कधी न बसलेल्या बायका भर रस्त्यावर वर्षानुवर्षं बसल्या, त्या एकमेकींच्या सोबतीवर.

मैत्रिणींनो, मला फिरता आलं कारण माझ्याजवळ पगार होता, भरपगारी रजा होती, आणि मागे घर सांभाळणारी बहीण होती. हे नसताना बायका प्रवास करतातच. आपल्या ऊसतोड बायका दरवर्षी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन शेकडो मैल जातात, त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. म्हणून दोन सूचना मांडते. एक, प्रत्येक गटानं महिन्याला थोडे थोडे पैसे साठवून वर्षातून एका मैत्रिणीला, काहीही काम नसताना, तिला हवं तिथे पाठवावं. तिच्या घरचं त्या दिवसांत बाकीच्यांनी बघावं. दुसरी, आपल्या गावातली एसटी स्थानकापासून वस्तीपर्यंतची वाट रात्री आठनंतर सगळ्यांनी मिळून चालून बघावी, अंधाराच्या जागा लिहून काढाव्यात आणि ती यादी घेऊन ग्रामपंचायतीत जावं.

पहिली वर्गणी मी आजच देते. चिठ्ठीत नाव कुणाचं निघतं ते बघू.