गोंधळाला एक रात्र



मंदिराचा जीर्णोद्धार झाला, देणगीदारांचे आभारही मानून झाले. मी गोंधळ्यांविषयी बोलतो. तुळशीदासाचा सिंहगडाचा आणि अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा शाळिग्राम व ॲक्वर्थ यांच्या संग्रहात १८९१ साली छापला गेला. तोवर दोनशे वर्षे ते मुख्यतः गोंधळी घराण्यांनीच तोंडी जपले. बाप गातो, पोरगा मागे तुणतुणे घेऊन झील धरतो. शिकवणी ती एवढीच. पुस्तकात शब्द राहिले, चाल घराण्यातच आहे.

हल्ली पंगतीच्या घाईने आपण गोंधळ दोन तासांत आटपायला लावतो. आख्यान कापले जाते, पोवाडा तर निघतच नाही. त्यात नव्या फरशीवर तेल सांडेल म्हणून दिवटी बाहेर ठेवा, अशी सूचना आली आहे. फरशी पुसता येते! येत्या नवरात्रात सभामंडपात त्यांना एक पुरी रात्र द्यावी व बिदागी आधीच ठरवावी, असे मी सुचवतो.