आंतड्यांतील अंकुर



ज्वारीची भाकर आणि तुरीचें वरण हें आम्हां वऱ्हाडकरांचें नित्याचें जेवण. त्यांतील सत्त्व रक्तांत शिरतें कोठें? बहुतांशी लहान आंतड्यांत. त्याचें अस्तर कसें आहे, हें सूक्ष्मदर्शकाखालींच नीट कळतें.

हें आंतडें सुमारें २० फूट लांब. नुसत्या डोळ्यांस तें आंतून मखमलीसारखें भासतें. ही मखमल म्हणजे बोटांच्या आकाराच्या असंख्य अंकुरांची दाटी होय. एकेक अंकुर अर्ध्यापासून एक मिलिमीटर उंच. त्यावर पेशींचा एकच थर आणि पोटांत रक्ताच्या केशवाहिन्या. अंकुरांच्या पायथ्याशीं खळगे असतात. तेथें नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि तीन ते पांच दिवसांत शेंड्यावरून गळून पडतात. गेल्या आठवड्याचें अस्तर आज जवळजवळ उरलेलेंच नाहीं!

या पेशींना एक विलक्षण दार आहे. साखर आणि मीठ जोडीनें आलीं म्हणजे तें उघडतें, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आंत जातें. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं मांडली. पटकीनें शरीरांतील पाणी वाहून जात असतांही हें दार शाबूत राहतें. म्हणूनच १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासितांत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी पाजलें, आणि शेंकडा तिसांपर्यंत गेलेले मृत्यू चारांच्याही खालीं आले.

तरीही मुलास हगवण लागली कीं 'पोटाला आराम' म्हणून त्याचें अन्नपाणी तोडणारीं घरें आहेत. हें घातक होय. नव्या पेशी घडावयास अन्नच लागतें. मुलास नेहमींचें हलकें अन्न द्यावें. अंगावरचें दूध तर मुळींच तोडूं नये. जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत कालवून थोडी थोडी पाजावी. पुडी न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी मुळांतच खारें. तेथें हें मिश्रण गोड्या पाण्यांतच करावें, कारण मिठाचा अतिरेक मुलास बाधतो. मूल मलूल झालें, पिईनासें झालें किंवा शौचावाटे रक्त आलें, तर मात्र विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें.

अस्तर आपलें आपण चार-पांच दिवसांत पुन्हां उभें राहतें. तोंवर मुलास पाणी व अन्न पुरविणें, एवढें काम घरच्या माणसांचें आहे.