परदेशातला पैसा : वाट कोणती आणि नाव कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



हिंसा, पोटगी, रेशन अशा विषयांच्या यादीत 'परदेशातून पैसे पाठवण्याचे मार्ग' हा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजणींना नवल वाटले असेल. हा तर बँकवाल्यांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध?

मी कोकणात सल्ला केंद्राचे काम करते. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतली कितीतरी घरे आखाती देशांतल्या कमाईवर चालतात. केंद्रात आलेल्या बाईला आम्ही विचारतो, "नवरा पैसे पाठवतो का?" ती म्हणते, "पाठवतो की." "कोणाच्या खात्यावर?" इथे ती गप्प होते. सासऱ्यांच्या, दिराच्या, कधी गावातल्या एखाद्या दुकानदाराकडे. किती येतात हे तिला ठाऊक नसते. मुलाच्या फीसाठी तिने हात पसरायचा आणि "या महिन्यात आलेच नाहीत" हे ऐकून परत फिरायचे.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ या वर्षात परदेशातल्या भारतीयांनी सुमारे ११९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे २० टक्के, म्हणजे केरळपेक्षाही थोडा जास्त. पण ते पैसे उचलताना सही कोणी केली, हे या आकड्यात दिसत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे की पैसा कोणत्या वाटेने आणि कोणाच्या नावावर येतो, त्यावर घरातली तिची पत ठरते आणि उद्या कोर्टातला तिचा पुरावाही.

कोकणाला हे नवे नाही. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम हाती घेतले आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतली कमाई मनीऑर्डरने गावी जाऊ लागली. फॉर्मवर जिचे नाव असेल तिची सही किंवा अंगठा घेऊनच पोस्टमन पैसे द्यायचा. खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळींचा निरोप असायचा आणि ते चिठोरे तिच्याकडे राहायचे. बाई निरक्षर असली तरी पैसे आल्याचा कागद तिच्या ट्रंकेत असायचा. आजच्या प्रत्येक वाटेला आपण हीच कसोटी लावू : नाव कोणाचे, कागद कोणाकडे?

पहिली वाट बँकेची. तिथल्या खात्यातून इथल्या खात्यात. यात दोन्हीकडे नोंद राहते. दुसरी वाट पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची. तो तिकडच्या एक्स्चेंज हाउसमध्ये रोख भरतो, तिला संदर्भ क्रमांक कळवतो, ती ओळखपत्र दाखवून इथल्या एजंटाकडून पैसे घेते. या योजनेला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. एका वेळी जास्तीत जास्त २,५०० डॉलर, एका व्यक्तीला वर्षात ३० वेळा, आणि रोख फक्त ५०,००० रुपयांपर्यंत, त्यावरचे खात्यात. खाते नसलेल्या बाईला ही वाट सोयीची आहे, कारण पैसे तिच्याच नावावर येतात. मात्र ओळखपत्रावर माहेरचे नाव आणि पाठवताना सासरचे, असे झाले की एजंट तिला परत पाठवतो. म्हणून नवऱ्याला आधीच कळवायचे : आधारकार्डावर जसे नाव आहे तसेच लिही.

तिसरी वाट मोबाइलवरच्या ॲपची. सिंगापूरमधून तर फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या यूपीआयवरही पैसे पाठवता येतात. ही वाट झटपट आहे. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दिराचा असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पासबुक तिचे असूनही पैसे त्याच्या हातात जातात. पासबुक बघाल तेव्हा नंबर कोणाचा आहे हेही विचारा.

या वाटांवर खर्च किती? "आमची फी शून्य" अशी जाहिरात असते, पण कमाई दरात असते. समजा, बाजारात एका दिरहमचा भाव २३ रुपये आहे आणि कंपनी २२ रुपये ६० पैसे देते. हजार दिरहमवर ४०० रुपये गेले, आणि पावतीवर फी शून्य! जगभराची सरासरी काढली तर २०० डॉलर पाठवायला ६ टक्क्यांहून अधिक खर्च येतो असे जागतिक बँकेचे आकडे सांगतात. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांच्या खाली आणायचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवले आहे. तोवर "फी किती" हे न विचारता "मी हजार भरले तर तिच्या हातात किती पडतील" असे विचारायला पाठवणाऱ्याला शिकवू या.

चौथी वाट हवालाची. दर बरा मिळतो, सुट्टी न घेता काम होते, माणूस घरी पैसे आणून देतो, म्हणून लोक ती धरतात. पण हवाला बेकायदा आहे, आणि आपल्या दृष्टीने दुसरी गोष्टही तितकीच गंभीर आहे. हवाल्याचा कागद नसतो. नवऱ्याने टाकले आणि बाई पोटगीसाठी कोर्टात गेली, की तो सांगतो, "माझी कमाईच नाही." २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. त्या प्रतिज्ञापत्रातले खोटे उघडे पाडायला पाच वर्षांच्या पासबुकातल्या नोंदींसारखा साक्षीदार नाही. हवाल्याने आलेल्या पैशाला असा साक्षीदार कुठून आणणार?

आता पाचवी वाट, क्रिप्टोची. तरुण मुले याबद्दल फार बोलतात, म्हणून आपल्याला ती समजली पाहिजे. बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झाले, नंतर अशी हजारो चलने निघाली. तो तिकडे हे चलन विकत घेतो, इथल्या कोणाच्या तरी मोबाइलमधल्या 'वॉलेट'मध्ये पाठवतो आणि इथे ते विकून रुपये करायचे. पाठवायला बँक लागत नाही, काही मिनिटांत काम होते, हे खरे आहे. पण घेताना आणि विकताना दलाली जाते आणि भाव रोज हलतो. डॉलरशी बांधलेली चलने स्थिर असतात असे सांगतात. टेरायूएसडी हे त्यातलेच एक चलन मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झाले.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. म्हणजे क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही. पण ते कायदेशीर चलनही नाही, आणि परदेशातला पैसा आणण्याचे जे मार्ग रिझर्व्ह बँकेने मान्य केले आहेत त्यांत ते नाही. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा त्यातून वजा होत नाही.

आता आपली कसोटी लावा. वॉलेटची चावी म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द. ते ज्याच्याकडे, पैसा त्याचा. तिथे वारसाचे नाव लावता येत नाही. तो माणूस अपघातात गेला आणि शब्द त्याच्यासोबत गेले, तर कोणत्याही शाखेत अर्ज करून ते परत मिळत नाहीत. शिवाय चलन एखाद्या अनोळखी माणसाला विकले आणि त्याने दिलेले रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर पोलीस आपले खाते गोठवतात. घरखर्चाचे खाते गोठले तर चूल कशी पेटणार? म्हणून घरखर्चाचा पैसा या वाटेने नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? पहिले, बाईच्या एकटीच्या नावाचे साधे बचत खाते. परदेशातून आलेला घरखर्चाचा पैसा त्यात थेट जमा होऊ शकतो. नवरा म्हणतो, "आपले एनआरई खाते आहे ना, तुझेही नाव आहे." त्यातली मेख समजून घ्या. नवरा परदेशात आणि बायको इथे, असे असताना एनआरई खात्यावर तिचे नाव असले तरी त्याच्या हयातीत ती फक्त त्याची मुखत्यार म्हणून ते चालवते. खात्यावर तिचा हक्क त्याच्या पश्चात. म्हणून त्या खात्यातून दरमहा ठरलेली रक्कम तिच्या खात्यात वळवण्याची सूचना बँकेला द्यायला लावा.

दुसरे, "तुझ्या नावावर पैसे आले तर आयकर लागेल" ही भीती घालतात. नवऱ्याने, भावाने, आईवडिलांनी पाठवलेल्या पैशावर घेणारीला आयकर लागत नाही. नवऱ्याचे पैसे तिने गुंतवले तर त्यावरचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते, इतकेच.

तिसरे, ज्या बाया स्वतः परदेशी जातात, नर्स म्हणून, घरकामाला, त्यांचा विचार करा. त्या वडिलांच्या खात्यावर पैसे पाठवतात, घर भावाच्या नावाने उभे राहते आणि परतल्यावर त्या पाहुण्या ठरतात. वर सांगितलेला तोच नियम इथे तिच्या उपयोगी पडतो. तिने स्वतःचे एनआरई खाते उघडून आईला जोडले, तर आई खर्च चालवते आणि मालकी मुलीची राहते. त्या खात्यावरच्या व्याजावर इथे आयकरही नाही. निघण्यापूर्वी तिला हे सांगणारी एखादी तरी कार्यकर्ती तिच्या गावात हवी.

नवऱ्याशी भांडण लावणे हा यातला हेतू नाही. उन्हात राबून पैसे पाठवणाऱ्या त्या माणसालाही आपला पैसा बायकोमुलांपर्यंत पोचतो का, हे कळायला हवेच आहे. इथून गेल्यावर आपापल्या बचत गटात ज्यांच्या घरी परदेशातून पैसे येतात त्यांना पासबुक घेऊन बोलवा. खाते कोणाचे, मोबाइल नंबर कोणाचा, वारस कोण, शेवटची नोंद कधीची, हे चार प्रश्न विचारा. पासबुकच नाही असे जी सांगेल, तिच्याबरोबर दुसऱ्या दिवशी बँकेत जा.