शाळेतील दादागिरी : योजना निवडताना
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलामुलांतील दादागिरीला आळा घालणारी एखादी योजना आपल्या शाळेत सुरू करावी, असा विचार चालू आहे. अशा योजना घेऊन येणारेही आज पुष्कळ आहेत. रंगीत पुस्तिका, एका दिवसाचे शिबिर आणि शेवटी प्रमाणपत्र! यांतून निवड कशी करावी याविषयी चार शब्द बोलण्यासाठी मी उभा आहे.

आधी माझीच चूक सांगतो. मी वर्गशिक्षक असताना आठवीतल्या एका तोतऱ्या मुलाला दोघे-तिघे रोज सतावीत. त्याच्या बोलण्याची नक्कल करीत, डबा लपवीत. त्याने तक्रार केली तेव्हा मी सर्वांना समोरासमोर उभे केले, हात मिळवायला लावले आणि प्रकरण मिटले असे समजलो. सहामाहीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही; वडिलांच्या दुकानावर बसला. त्या दिवसापासून त्याला दुप्पट त्रास झाला होता, हे मला वर्षभराने त्याच्या आईकडून कळले.

माझे चुकले ते असे, की मी छळाला भांडण समजलो. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, वारंवार होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बळ सारखे नसताना समेट घडवणे म्हणजे दुबळ्यालाच गप्प बसवणे.

त्याच नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे, असे दिसून आले. देश हादरला आणि १९८३ मध्ये सर्व शाळांसाठी मोहीम निघाली. बर्गेनच्या शाळांत ओल्वेअस यांनी दोन वर्षे मागे लागून काम केले. तेथे छळ निम्म्यावर आला. रोगालँड भागात मात्र तशी घट आढळली नाही. पुस्तिका तेथेही पोचल्या होत्या, पाठपुरावा तेवढा झाला नव्हता.

परदेश कशाला, आपला बिहार पाहा. गोव्याच्या 'संगत' संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, तर काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तीने. दुसऱ्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, छळ घटला. शिक्षकांच्या गटात फरक जवळजवळ पडला नाही. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. तपासण्याच्या वह्या, परीक्षा, निवडणुकीची कामे यांत आणखी एक काम कोपऱ्यातच पडते, हे मी भोगले आहे.

म्हणून योजना घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारीन की, सहा महिन्यांनी शाळेत कोण येणार? केंब्रिजचे फॅरिंग्टन व टोफी यांनी २०११ मध्ये अनेक देशांतील योजना तपासल्या. सरासरीने छळ पाचव्या हिश्श्याने कमी झाला होता. अधिक गुण आला तो दीर्घकाळ चाललेल्या, पालकांच्या सभा घेणाऱ्या, मैदानावर देखरेख ठेवणाऱ्या योजनांना. म्हणजे मधल्या सुटीत नळावर आणि मुतारीपाशी कोण उभे राहणार, हे ठरवायला हवे. पुस्तिकेत याचा उल्लेख नसेल तर ती परत करावी.

विद्यार्थी मित्रहो, फिनलंडच्या 'किवा' योजनेचा सारा भर पाहणाऱ्या मुलांवर आहे. नक्कल होते तेव्हा हसणारे तुम्हीच असता. हसू थांबले की दादाची मजा जाते. आणि पालकांनो, "तूही एक ठेवून दे" हा सल्ला त्या तोतऱ्या मुलालाही घरी मिळाला होता.

योजना निवडण्यापूर्वी आपल्या शाळेत त्रास किती आहे, कुठे आहे, हे मोजले पाहिजे. त्यासाठी प्रश्नपत्रिका तयार आहे. मुलांनी तीवर नाव लिहायचे नाही. वर्षाने तीच पुन्हा भरून घेऊ. पाचवीच्या वर्गापासून सुरुवात करावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.