मनी परत देताना

आम्ही दोघांनी निवारा केंद्रातून मांजरी आणली आणि अठराव्या दिवशी परत नेऊन दिली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आईंना दम लागू लागला. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या, मनीचे केस विंचरले. डॉक्टर म्हणाले, त्रास केसांचा नाही, लाळेतल्या प्रथिनाचा. ते घरभर पसरतं. आणण्याआधी आईंना दोन-चारदा केंद्रात नेलं असतं, तर कदाचित आधीच कळलं असतं.

शेजारून सल्ला आला : पोत्यात घालून छावणीच्या धान्यमंडीत सोडा, उंदरांना तोटा नाही. आपल्याकडे हे पूर्वापार चालत आलंय. पण घरातलं मांजर परक्या जागी लपून बसतं, खात नाही. आणि उपासमार होईल असं प्राण्याला सोडून देणं १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे.

केंद्रातल्या बाई रागावल्या नाहीत. वही काढून म्हणाल्या, "खरं ते सगळं सांगा." आम्ही सांगितलं : कुकरच्या शिट्टीला घाबरते, दूध पचत नाही, पाणी रुंद भांड्यातलंच पिते, रात्री पायाशी झोपते. शेवटचं सांगताना आम्ही दोघंही अडखळलो.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला, मनीला घर मिळालं. आईंनी एवढंच विचारलं, "भांडं रुंद दिलंय ना?"