शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये

डिसेंबर 2011 मध्ये कॅनडाने हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटवण्याच्या क्योटो करारातून अंग काढून घेतलं. करारात राहायचं तर सुमारे 14 अब्ज डॉलर मोजावे लागतील, असं त्यांच्या पर्यावरणमंत्र्यांचं म्हणणं होतं. करार पाळला नाही तर काय मोजावं लागेल, हे मात्र त्या आकड्यात नव्हतं.

तो हिशेब ब्रिटनमध्ये निकोलस स्टर्न यांनी 2006 मध्येच मांडला होता. उत्सर्जन रोखायला जगाच्या वार्षिक उत्पन्नातला साधारण 1 टक्का पुरे. हातावर हात ठेवून बसलो, तर फटका किमान 5 टक्क्यांचा, कदाचित 20 टक्क्यांपर्यंतचा.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी यातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. भविष्यातल्या नुकसानीची आजची किंमत काढताना कोणता दर धरायचा? स्टर्न यांचा दर होता सुमारे 1.4 टक्के. त्या दराने शंभर वर्षांनी होणारं 100 रुपयांचं नुकसान आज 25 रुपयांचं भरतं. दर 5 टक्के धरा, तेच नुकसान उरतं 76 पैशांचं! पूर तोच, बुडालेलं शेतही तेच. म्हणजे वाद अर्थशास्त्राचा कमी आणि नातवंडांची किंमत किती धरायची, याचा जास्त. गंमत अशी, की कार्बनवर कर हवा, हे दोघांनाही मान्य.

पुढे 2015 च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपलं उद्दिष्ट स्वतःच ठरवायचं असं झालं; चुकलं तरी दंड नाही. आता घासाघीस चालते ती पैसे कोणी द्यायचे यावर. 2024 मध्ये बाकूतल्या हवामान परिषदेत गरीब देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं. भारताने ही रक्कम अपुरी असल्याचं तिथेच सुनावलं.