पहिलं काम देणारी माणसं



पलूस तालुक्यात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. येताना तुम्ही दोन्ही बाजूंना ऊस पाहिला असेल, द्राक्षबागा पाहिल्या असतील. ज्यांनी गाडीनं यायचं ठरवलं ते किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरले. त्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. 1910 साली तिथं उतरणाऱ्याला समोर दिसायचा तो निवडुंग माजलेला, पाण्यावाचून पडलेला माळ. दिवसाढवळ्या नाग निघायचे. औंध संस्थानातल्या त्या माळावरच्या 32 एकरांत लक्ष्मणराव किर्लोस्कर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन आले. आपल्या परिषदेचा विषय यशस्वी उद्योजकांची वाटचाल आणि त्यांचं नेतृत्व हा आहे. तो विषय बोलायला याहून योग्य जागा मला सुचत नाही, म्हणून स्वागताध्यक्ष या नात्यानं या जागेची थोडी हकीकत सांगतो.

यश मिळाल्यानंतर लिहिलेल्या चरित्रात प्रत्येक वळण आधीच ठरल्यासारखं दिसतं. लक्ष्मणरावांचं तरुणपण बघा. जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला जाऊ शकले. तिथं लक्षात आलं की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराची वाट संपली. मग यांत्रिक रेखांकन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्यांना डावलून हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. आजच्या भाषेत हा बायोडेटा एखाद्या कंपनीकडे गेला असता, तर मुलाखतीलाही कुणी बोलावलं नसतं.

पुढं त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. आपल्यापैकी ज्यांनी नवा माल बाजारात उतरवला आहे, त्यांना या दोन वर्षांचं वजन कळेल. माल तयार आहे, त्यात खोट नाही, कारागिरांचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो आणि गिऱ्हाईक नांगराला हात लावून निघून जातं. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. ज्याचं सगळं घर एका पिकावर चालतं, त्याला नव्या अवजाराची भीती वाटणारच. ती भीती रानात नांगर चालवून दाखवूनच जाणार होती.

धंदा जरा उभा राहतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितलं. शहराची वाढ तिकडं व्हायची होती. कारखाना उचलून न्यायचा कुठं? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं, जागा दाखवली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. बाळासाहेब 1909 साली गादीवर आले होते. संस्थान लहान, तिजोरीही बेताची. समोरच्या माणसाकडं होतं ते इतकंच: न खपणाऱ्या नांगराला चिकटून राहण्याची जिद्द आणि घर सोडून त्याच्यामागे यायला तयार झालेली माणसं. स्वतः चित्रकार असलेल्या राजाला एका मोडलेल्या चित्रकारात काय दिसलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

मंडळी, आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. मोठ्या माणसांच्या चरित्रातून आपण कष्ट शिकतो, चिकाटी शिकतो, दूरदृष्टी शिकतो. ते शिकलंच पाहिजे. पण त्याच चरित्रात आणखी एक माणूस असतो, आणि त्याच्याकडं आपलं लक्ष जात नाही. हाती कोणताही पुरावा नसताना ज्यानं पहिलं काम, पहिलं कर्ज किंवा पहिली जागा दिली, तो माणूस. रामूअण्णा नसते तर मुंबई नव्हती. बाळासाहेब नसते तर ही वाडी नव्हती.

आणि लक्ष्मणरावांनी हा वसा पुढं चालवला. माझ्या मते त्यांचं नेतृत्व इथं आहे. त्यांच्या भोवतालची माणसं आठवा. शंभूअण्णा जांभेकर कसबी यंत्रज्ञ होते, त्यांचं मोल कुणालाही कळलं असतं. पण शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर इथं येऊन कल्पक तंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी गावोगाव फिरून कारखान्याचे दूत बनले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कारभार सांभाळला. पुतणे शंकरराव यांचा हात चित्रकलेत चालत होता, म्हणून जाहिरातीचं काम त्यांच्याकडं आलं आणि त्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. पुढं ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगराच्या कारखान्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत विचार पोचवणारी मासिकं निघतील, असं कोणत्या योजनेत लिहिलेलं होतं? माणसाला ज्यात गती आहे ते काम त्याच्या हाती दिलं, आणि त्या कामानं स्वतःची वाट काढली.

याच वाडीत दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रखवालीचं काम सोपवलं होतं. ज्यांना गावानं दार बंद केलं, त्यांच्या भरवशावर कामगारांची बायकामुलं रात्री निर्धास्त झोपली. आपल्या गेटवरच्या नोकरीसाठी आलेल्या माणसाकडं आपण आज कोणते कागद मागतो, हे प्रत्येकानं आठवून पाहावं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, कोळसा मिळेना, रंग मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या ओतून नांगर झाले. पुन्हा कुणीतरी पाठीशी उभं राहिलं, आणि पुन्हा ते निमूटपणे. 1926 साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून अभियंता होऊन परत आले, आणि 1946 साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

सांगली जिल्ह्यातलं आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. वसंतदादा पाटील यांनी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. 1983 साली मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयावर टीका झाली, आणि शुल्काबद्दलची काही टीका आजही खरी आहे. तरीही त्याआधी जागा नाही म्हणून परतलेली खेड्यातली मुलं त्या दारातून आत आली. या सभागृहात त्यातले कितीतरी जण बसले आहेत.

म्हणून या परिषदेला आलेल्या मोठ्या कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. या तीन दिवसांत तुमचे अनुभव आम्हाला सांगाच, पण सभागृहामागच्या मंडपातही या. तिथं आपल्या भागातल्या नव्या वर्कशॉपवाल्यांनी, फाउंड्रीवाल्यांनी, अन्नप्रक्रिया करणाऱ्या भगिनींनी आपला माल मांडला आहे. बहुतेकांकडं दाखवायला जुनं गिऱ्हाईक नाही. एखाद्या सुट्या भागाची छोटी ऑर्डर देऊन पाहा. नमुना नापास झाला तर का झाला, ते त्या पोराला समोर बसवून सांगा. पुढच्या खेपेला तो सुधारून आणेल.

दुसरी विनंती पैशाची. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांपलीकडे थांबवू नये, असं 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. पण ज्याला पुढची ऑर्डर तुमच्याकडूनच हवी आहे, तो तुमच्यावर तक्रार करेल का? बँकेचा हप्ता भरायला तो बायकोचे दागिने गहाण ठेवेल आणि तुमच्याशी हसून बोलेल. ही गोष्ट मला अतिशय टोचते. वेळेवर दिलेला चेक हाही त्या दहा हजार रुपयांसारखाच विश्वास आहे.

तरुण मित्रांना एवढंच सांगतो की मंडपात संकोच करू नका. आपला दर सांगा, अडचण सांगा, कुठं मशीन कमी पडतं तेही उघडपणे सांगा.

जेवणाची व्यवस्था मागच्या पटांगणात आहे. आमच्या बचत गटाच्या महिलांनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या आहेत. मुक्कामाची काही गैरसोय झाली तर स्वागत समितीच्या कोणत्याही कार्यकर्त्याला हक्कानं सांगा. उद्या सकाळी सात वाजता ज्यांना वाडी पाहायची आहे त्यांच्यासाठी बस याच दारातून निघेल. पुन्हा एकदा आपणा सर्वांचं स्वागत करतो, आणि अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.